शास्त्रदानाची नवी वाट

बारामती तालुक्याच्या पश्चिम भागात, मोरगावच्या परिसरात, लोणी भापकर हे गाव आहे. तालुक्याच्या कालव्याखालच्या पट्ट्यात ऊस डोलतो. या बाजूला मात्र जिरायत शेती, ज्वारी-बाजरी आणि आभाळाकडे लागलेले डोळे हेच पूर्वापार चित्र. गावात मल्लिकार्जुनाचे प्राचीन मंदिर आहे, पायऱ्यांची दगडी पुष्करणी आहे आणि यज्ञवराहाची कोरीव मूर्ती अभ्यासकांना दुरून इकडे ओढून आणते. पाण्याचे मोल जाणणाऱ्या या मुलखात कोणीतरी कधी काळी पदरचे द्रव्य वेचले, दगड घडवून घेतले, पायऱ्या रचल्या आणि पाणी धरून ठेवले. त्या काळी पाणी सर्वांना सारखे खुले नव्हते, ज्ञानही नव्हते. पण साठवण झाली होती म्हणूनच पुढे ती खुली होऊ शकली.

अशा गावातील एखाद्या किराणा किंवा कापडाच्या दुकानात संध्याकाळी डोकावले, तर गल्ल्याशेजारी पुस्तक उघडून बसलेली दहावी-बारावीची मुलगी हमखास दिसते. गिऱ्हाईक आले की ती साखर तोलून देते, हिशेब सांगते आणि पुन्हा पुस्तकाकडे वळते. चांगली शिकवणी तालुक्याच्या गावी. तिथे जायचे तर एसटीची वेळ, परतीचा अंधार आणि घरच्यांची काळजी. शहरात ठेवायचे तर खोलीचे भाडे, खानावळ आणि शिकवणीची फी. बेरीज मांडताच वडील गप्प होतात. मुलगा असेल तर ‘दुकान आहेच की’ आणि मुलगी असेल तर ‘स्थळे पाहायला लागू’ अशा एका वाक्यावर पुष्कळ घरांतील शिक्षण थांबलेले आहे. हिशेबात पक्क्या असलेल्या समाजाने याही खात्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा, अशी वेळ आली आहे. कारण जमेच्या बाजूला गेल्या काही वर्षांत एक मोठी रक्कम येऊन पडली आहे आणि तिची नोंद बहुतेक घरांनी अद्याप घेतलेली नाही.

फुकट म्हणजे काय?

विज्ञान, समाज, धर्म आणि कला या चारही क्षेत्रांतील उत्तम शैक्षणिक साहित्य आज विनामूल्य, आणि पुष्कळसे मराठीत, उपलब्ध आहे. मात्र व्यापाऱ्याच्या मनात ‘फुकट’ या शब्दाविषयी स्वाभाविक शंका असते. फुकटचा माल एकतर निकस असतो, नाहीतर त्याची किंमत दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने वसूल होते, हे त्याने आयुष्यभर पाहिलेले असते. त्यामुळे विनामूल्य पाठ्यपुस्तक पडून राहते आणि हप्त्यावर घेतलेला महागडा मोबाईल-अभ्यासक्रम घरात येतो. मुलाचे लक्ष महिन्या-दोन महिन्यांत उडते. हप्ते मात्र ठरलेल्या तारखेला जातच राहतात.

शंका योग्य आहे, म्हणून तिला नेमके उत्तर द्यायला हवे. या साहित्याची किंमत कोणीतरी आधीच चुकवलेली आहे. ती कोणी चुकवली हे पाहिले, तर जैन वाचकाला त्यात आपलीच परंपरा ओळखू येईल.

हजार प्रतींचे दान

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने श्रावकाला सांगितली आहेत. पहिल्या दोहोंसाठी आपला समाज नेहमीच पुढे असतो. अन्नछत्र, दवाखाना, पाणपोई यांवर दात्यांच्या नावांच्या पाट्या गावोगाव दिसतात. शास्त्रदानाचा इतिहास त्याहून कमी उज्ज्वल नाही. दहाव्या शतकात कर्नाटकातील अत्तिमब्बे या श्राविकेने पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या १००० प्रती लिहवून घेऊन वाटल्या, असे परंपरा सांगते. छापखाना यायला अजून कित्येक शतके होती. एकेक ताडपत्र कोरायचे, त्यावर काजळी भरायची, पाने ओवायची आणि हे सारे हजार वेळा! ज्याला ग्रंथ मिळाला त्याला तो विनामूल्य होता, अत्तिमब्बेला नव्हता.

श्वेतांबर परंपरेत देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वलभी येथे आगम ग्रंथारूढ झाले. पाटण आणि जैसलमेर येथील ज्ञानभांडारांनी केवळ जैनच नव्हे, तर इतर दर्शनांचे, व्याकरणाचे, काव्याचे आणि गणिताचे ग्रंथही शतकानुशतके सांभाळले. आपल्या विदर्भातील कारंजा येथील भांडारही अभ्यासकांना सुपरिचित आहे. कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी पाळणारा हा समाज आहे. ज्ञानाची पूजा त्याला कोणी शिकवायला नको.

परंतु पूजा आणि वाचन यांत अंतर पडले की काय होते, याचा धडाही याच परंपरेत आहे.

मूडबिद्रीचे कुलूप

आचार्य धरसेनांकडून मिळालेले ज्ञान पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींनी ‘षट्खंडागमा’त ग्रथित केले. नवव्या शतकात आचार्य वीरसेनांनी त्यावर ‘धवला’ ही विशाल टीका रचली. हा ग्रंथ पुढे काळाच्या ओघात एकाच ठिकाणी उरला, तो म्हणजे कर्नाटकातील मूडबिद्री येथील भांडारात. यात्रेकरूंना ताडपत्रांचे दर्शन मिळे. वाचायला किंवा उतरवून घ्यायला ती मिळत नसत. राखणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. ग्रंथाची आशातना होऊ नये, तो हरवू नये, या भीतीने त्यांनी त्याला कुलपात ठेवले होते. पण कुलूप माणसांना अडवते, काळाला अडवत नाही. संग्रहातील काही पाने जीर्ण होऊन कायमची नष्ट झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे शेठ माणिकचंद यात्रेच्या निमित्ताने तिथे गेले आणि या ग्रंथांची स्थिती पाहून अस्वस्थ झाले. त्यांनी सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशी यांना हे कळवले. हिराचंदांनी स्वतः मूडबिद्री गाठली, विद्वानांना बरोबर नेले, परत येऊन वर्गणी गोळा केली आणि प्रती लिहवून घेण्याच्या कामाला चालना दिली. हे काम पुढे कित्येक वर्षे चालले. एवढे होऊनही प्रती भांडाराबाहेर जाऊ देण्यास विरोध होताच. अखेर लेखनकामातील एका शास्त्र्यांनी गुप्तपणे तयार केलेली प्रत सहारनपूरला पोहोचली आणि तिच्यावरून झालेल्या नकला देशभर गेल्या. १९३९ मध्ये अमरावती येथून प्राध्यापक हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली ‘धवले’चा पहिला छापील खंड बाहेर पडला. त्यासाठी द्रव्य दिले विदिशेच्या शेठ लक्ष्मीचंद्रांनी. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ सामान्य श्रावकाच्या हाती आला, तो असा: एका व्यापाऱ्याची अस्वस्थता, दुसऱ्याची धडपड, तिसऱ्याचे धन आणि विद्वानांचे श्रम यांच्या बेरजेतून.

कुलूप निघाल्यावर त्यात काय सापडले, हेही पाहण्यासारखे आहे. लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ अवधेश नारायण सिंह यांनी ‘धवले’तील गणिताचा अभ्यास केला. त्यात ‘अर्धच्छेद’ नावाची एक कल्पना येते. एखादी संख्या १ येईपर्यंत किती वेळा निम्मी करता येते, ती तिच्या अर्धच्छेदांची संख्या. ३२ चे निम्मे १६, मग ८, ४, २ आणि १. म्हणजे ३२ चे अर्धच्छेद ५. अकरावीतील विद्यार्थी ज्याला ‘लॉगॅरिदम’ म्हणून शिकतो, त्याचाच हा २ या पायावरील प्रकार. दुकानात बसलेल्या मुलीला हे एकदा सांगितले, तर धर्म आणि विज्ञान ही दोन वेगळ्या कपाटांतील पुस्तके आहेत, असे तिला पुन्हा वाटणार नाही.

न्यायाने मिळवलेले, ज्ञानासाठी दिलेले

सोलापूरचेच आणखी एक नाव इथे घ्यायला हवे. ज्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशी यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभारले, त्याच सोलापुरात ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी होऊन गेले. न्यायाने मिळवलेली आपली संपत्ती कोणत्या कामी लावावी, याविषयी त्यांनी ठिकठिकाणच्या विद्वानांची मते मागवली. १९४१ मध्ये नाशिकजवळच्या गजपंथ क्षेत्री विद्वानांना एकत्र बोलावून त्यांनी जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना केली आणि ३०,००० रुपये जाहीर केले. १९४४ मध्ये सुमारे २,००,००० रुपयांची आपली सर्व संपत्ती त्यांनी संघाला विश्वस्त निधी म्हणून अर्पण केली. त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेचे संपादन हिरालाल जैन आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी केले. याच मालेत महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला. आयुष्यभराची कमाई पुस्तकांत घालणारा हा व्यापारी व्याजाचा हिशेब जाणत नव्हता, असे कोण म्हणेल?

कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी तेच व्रत शाळांच्या रूपाने घेतले. १९१९ मध्ये काले येथे स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतल्या कित्येक घरांना जे शिक्षण ‘फुकट’ मिळाले, त्याची किंमत अशी चुकवली गेली आहे.

वाईहून गल्ल्यापर्यंत

मराठीत सर्व विषयांचे ज्ञान एकत्र आणण्याची धडपडही शंभर वर्षांची आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी नागपूर येथे चक्क मर्यादित कंपनी काढली, भाग विकून भांडवल उभे केले आणि ग्राहक मिळवण्यासाठी गावोगाव पायपीट केली. २३ खंडांचे हे काम १९२०च्या दशकात पार पडले. त्या भांडवलावर कोणी श्रीमंत झाले नाही. पण आज केतकरांचे खंड कोणालाही मोबाईलवर विनामूल्य वाचता येतात. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. केतकरांचे निधन १९३७ मध्ये झाले.

राज्यनिर्मितीनंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली, कृष्णाकाठच्या वाई येथे, मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. १९७६ मध्ये पहिला खंड निघाला आणि पुढे २० खंडांपर्यंत ही माला गेली. अणुगर्भापासून जैन धर्मापर्यंत, सहकारी चळवळीपासून शिल्पकलेपर्यंत त्यातील नोंदी तज्ज्ञांनी लिहिल्या आणि तपासल्या आहेत. एकेकाळी हे जाड खंड पाहायचे तर जिल्ह्याच्या ग्रंथालयात जावे लागे. २०११ पासून ते महाजालावर खुले आहेत. वाई आणि लोणी भापकर यांच्यामधले डोंगर आता कोणाला ओलांडावे लागत नाहीत.

विश्वकोशाखेरीज घरोघरी माहीत असायला हवे असे आणखी पुष्कळ आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. मागच्या इयत्तेतील कच्चा राहिलेला धडा पुन्हा काढायला याहून सोपा मार्ग नाही. केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ या मंचावर शालेय धड्यांना पूरक चित्रफिती आहेत. अभियांत्रिकी आणि विज्ञानासाठी आयआयटी व भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची व्याख्याने ‘एनपीटीईएल’वर आहेत, आणि ‘स्वयम्’ मंचावर वाणिज्य, लेखाशास्त्र, अर्थशास्त्र यांचेही अभ्यासक्रम आहेत. शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क भरावे लागते. लग्नानंतर पदवी अर्धी राहिलेल्या घरातील सुनेलाही हे दार तितकेच उघडे आहे.

लहान मुलांसाठी अरविंद गुप्ता यांचे काम अनमोल आहे. कानपूरच्या आयआयटीत शिकलेल्या या अभियंत्याने आगपेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, रिकाम्या डब्या यांपासून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि खेळण्यांच्या कृती व हजारो पुस्तके सर्वांसाठी खुली ठेवली. त्यांत मराठी पुस्तकेही भरपूर आहेत. किराणा दुकानात रिकाम्या खोक्यांची आणि डब्यांची कधीच वाण नसते!

समाजाचा अभ्यास करायचा तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके आणि आपल्या जिल्ह्याचे गॅझेटियर आहे. कलेसाठी लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ जैनॉलॉजीचे ‘जैनपीडिया’ आहे. परदेशी संग्रहालयांत गेलेल्या कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांची पाने तिथे बारकाईने पाहता येतात. आगम, टीका आणि पुराणे यांच्यासाठी गांधीनगरजवळच्या कोबा येथील ज्ञानमंदिराचा आणि ‘जैन ई-लायब्ररी’चा विनामूल्य संग्रह आहे. अत्तिमब्बेच्या हजार प्रतींची संख्या आता मोजण्यापलीकडे गेली आहे.

आशातना कशात?

धर्मग्रंथ मोबाईलवर वाचावेत का, हा प्रश्न अनेक ज्येष्ठांना पडतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पोथी चौरंगावर ठेवून, हात धुऊन उघडायची सवय असलेल्या मनाला, ज्या यंत्रावर वाटेल ते येते त्याच यंत्रावर सूत्र वाचणे जड जाते. यावर ज्याचा त्याचा विवेक आणि साधू-साध्वींचे मार्गदर्शन हेच प्रमाण. पुष्कळ घरांनी मधला मार्ग काढला आहे: हवा तो भाग छापून घेऊन नीट बांधायचा आणि स्वाध्यायाला तोच वापरायचा. मात्र मूडबिद्रीच्या इतिहासाने शिकवलेली गोष्ट विसरता येत नाही. अनादराने हाताळलेला ग्रंथ आणि कोणीच न उघडलेला ग्रंथ, दोन्हींचा शेवट सारखाच होऊ शकतो.

दुसरी सावधगिरी खऱ्या-खोट्याची. माल पारखल्यावाचून दुकानात न घेणारा व्यापारी माहिती मात्र आली तशी पुढे पाठवतो. लिहिणारा कोण, संपादन कोणी केले, केव्हा केले आणि चूक निघाल्यास जबाबदार कोण, हे चार प्रश्न मुलांना विचारायला शिकवावेत. विश्वकोशातील नोंद तज्ज्ञाची असते, पण जुन्या खंडांतील लोकसंख्येचे किंवा तंत्रज्ञानाचे आकडे त्या काळचे असतात. मराठी विकिपीडिया ताजा असतो, पण तो कोणालाही संपादित करता येतो. दोन्ही ताडून पाहावेत. वजन करताना दोन्ही पारड्यांकडे पाहावे लागतेच.

घराघराने काय करावे?

उपलब्ध असणे आणि उपयोगात येणे यांमधले अंतर पैशाने भरून निघत नाही, ते सोबतीने निघते. मुलाच्या हाती मोबाईल देऊन ‘अभ्यास कर’ म्हटले, तर तो कुठे भरकटेल हे सांगायला नको. रात्री दुकान वाढवल्यावर अर्धा तास घरातील एका मोठ्या माणसाने शेजारी बसावे. समजत नसेल तरी बसावे. ‘मला समजावून सांग’ असे म्हणावे. शिकलेले दुसऱ्याला सांगता येणे हीच खरी परीक्षा. गावात जाळे नीट मिळत नसेल, तर बारामतीला माल भरायला जाणाऱ्याने आठवड्याचे पाठ उतरवून आणावेत.

संघाला याहून थोडे अधिक करता येईल. स्थानकात, मंदिराच्या सभागृहात किंवा पाठशाळेच्या खोलीत एक संगणक, एक छपाईयंत्र आणि विश्वकोशाच्या निवडक नोंदींच्या फायली ठेवता येतील. ज्ञानपंचमीला किंवा श्रुतपंचमीला नव्या वह्या-पुस्तकांच्या वाटपाबरोबर, वर्षभरात कोणी काय वाचले हे मुलांनी सांगावे. आणि त्या खोलीचे दार गावातील प्रत्येक मुलाला उघडे असावे, मग तो शेतमजुराचा असो की सराफाचा. कर्मवीरांची पंगत आठवली की याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

शेवटी, घेण्याबरोबर देण्याचाही विचार व्हावा. जुन्या पेढ्यांच्या माळ्यांवर, लाल कापडात बांधलेल्या मोडीतील वह्या पडून असतात. कोणत्या साली बाजरीचा भाव काय होता, दुष्काळात कोणाला किती उधार दिले, कोणाचे कर्ज सोडले, हे त्यांत लिहिलेले आहे. घरच्यांना त्या जुन्या रद्दीसारख्या वाटतात. समाजाचा इतिहास लिहिणाऱ्याला त्या सोन्यासारख्या आहेत. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशाच कागदांवर उभे आहे. वह्या वाळवीच्या हाती जाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून त्या एखाद्या जाणत्या संस्थेकडे सोपवल्या, तर लोणी भापकरसारख्या गावांचा इतिहासही उद्याच्या विद्यार्थ्याला विनामूल्य वाचता येईल. देणारे घर तेव्हा अत्तिमब्बेच्या आणि जीवराजांच्या रांगेत, अगदी शेवटी का होईना, उभे असेल.

गल्ल्याशेजारच्या त्या मुलीने साखरेची पुडी बांधून दिली आहे आणि गिऱ्हाईक गेले आहे. पुढचे गिऱ्हाईक येईपर्यंत तिच्याकडे दहा मिनिटे आहेत. त्या दहा मिनिटांत तिच्या हाती काय असावे, हे ठरवणे मात्र घरातल्या मोठ्यांच्या हाती आहे.